‘ते खरे ख्रिस्ती नव्हतेच’ असं मुलांना सांगू का?

वाचकाचं पत्र, ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात:

“मी चाळिशीत आहे. आमच्या मंडळीत संडे स्कूलच्या मोठ्या मुलांचा वर्ग घेते. मध्यंतरी आम्ही निर्गम, म्हणजे मोशेने इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर काढलं ते बायबलमधलं पुस्तक, शिकत होतो. दहावीतल्या एका मुलीने मधेच विचारलं, ‘टीचर, आफ्रिकेतल्या माणसांना पकडून विकणारे ख्रिस्तीच होते ना? मग त्यांना मोशेची गोष्ट दिसली नाही का?’ तेवढ्यात दुसऱ्याने फोनवर इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय काढून मोठ्याने वाचला, दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावं, तो भाग. ‘पुढच्या रविवारी सांगते’ म्हणून मी वेळ मारून नेली. घरी येऊन वाचायला बसले आणि हादरले. पाळकसाहेबांशी बोलले. ते म्हणाले, असे शास्त्रभाग या वयात नकोत, प्रीतीचे विषय घ्या. नवरा म्हणतो, ‘ते खरे ख्रिस्ती नव्हतेच असं सांग आणि मोकळी हो.’ पण हे मलाच पटत नाही. आता प्रार्थनेला बसले की मनात येतं, ज्या श्रद्धेने त्या लोकांना थांबवलं नाही ती माझ्या काय कामाची? अशा मनाने मुलांसमोर उभं राहणं ढोंग नाही का? वर्ग सोडावा असं वाटतं. कधी कधी मंडळीच सोडावी असंही.”

प्रिय ताई,

आधी तुमच्या यजमानांचं उत्तर घेऊ. ते सगळ्यांत सोपं आहे, म्हणूनच सगळ्यांत जास्त वापरलं जातं. तुम्हाला ते पटत नाही, यात तुमची श्रद्धा कमी पडलेली नाही. ते उत्तरच लंगडं आहे.

खरे ख्रिस्ती नव्हते, म्हणजे नेमके कोण? 1452 मध्ये पोप पाचवा निकोलस याने पोर्तुगालच्या राजाला मुसलमान आणि इतर अख्रिस्ती लोकांना कायमचं गुलाम करण्याची लेखी मुभा दिली. व्हर्जिनियातल्या वसाहतीने 1667 मध्ये कायदाच केला की बाप्तिस्मा घेतला म्हणून गुलाम मोकळा होत नाही. हा कायदा करावा लागला, यातच काय ते आलं. बाप्तिस्मा झालेल्या माणसाला गुलाम कसं ठेवायचं, ही टोचणी तिथल्या मालकांना होती, आणि ती काढून टाकण्यासाठी त्यांनी सभागृहाची मदत घेतली. परदेशांत शुभवर्तमान पोहोचवायला इंग्लंडच्या चर्चमधल्या लोकांनी काढलेल्या संस्थेला 1710 मध्ये बार्बाडोसमधले उसाचे मळे मृत्युपत्राने मिळाले. मळ्यांबरोबर माणसंही मिळाली. काही काळ तिथल्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द डागला जाई. सोसायटी म्हणजे ती मिशनरी संस्थाच.

आणि जॉन न्यूटन. ज्याचं ‘अमेझिंग ग्रेस’ हे कृपेवरचं गीत आज जगभर अंत्यविधीला आणि उपासनेला गायलं जातं, तो. 1748 मध्ये समुद्रातल्या वादळात तो देवाकडे वळला. त्यानंतर, वळल्यानंतर बरं का, 1754 पर्यंत तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान म्हणून सफरी करत राहिला. पुढे पाद्री झाला, गीतं लिहिली. या व्यापाराविरुद्ध जाहीर पत्रक त्याने लिहिलं 1788 मध्ये. मधल्या वर्षांतला न्यूटन खोटा ख्रिस्ती होता का? तसं म्हणायचं तर त्याच वर्षांत लिहिलेलं ते गीतही खोटं ठरवावं लागेल, आणि ते कोणी ठरवत नाही.

‘ते खरे नव्हते’ या वाक्याची गंमत अशी की ते म्हणणारा आपोआप ‘खरा’ होतो. गुन्हा खोट्यांनी केला, आपण खरे, म्हणजे आपल्याला धोका नाही. दहावीतली मुलगी ही पळवाट दोन मिनिटांत ओळखेल. तोंडावर बोलणार नाही, पण पुढचा प्रश्न तुम्हाला विचारणारही नाही.

यावर तुमचे यजमान म्हणू शकतात की असंच तर फ्रेडरिक डग्लस म्हणाला होता. बरोबर आहे. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये गुलामीत जन्मलेल्या, पळून सुटलेल्या डग्लसने 1845 च्या आत्मकथनाच्या शेवटी लिहिलं की या देशातला ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. पण तो हे कुठून बोलत होता ते पाहा. त्याचा मालक थॉमस ऑल्ड 1832 मध्ये मेथोडिस्टांच्या शिबिरात भक्तिमार्गाला लागला. आता हा आपल्याला सोडेल, निदान मायेने वागेल, अशी डग्लसला आशा होती. झालं उलटं. ऑल्ड जास्त क्रूर झाला, आणि एका पांगळ्या तरुणीला चाबकाने फोडताना लूकच्या बाराव्या अध्यायातलं वचन म्हणू लागला, धन्याची इच्छा ठाऊक असून जो दास ती करत नाही त्याला पुष्कळ फटके बसतील. डग्लस बोलत होता तो फिर्यादी म्हणून. आपण तेच वाक्य आरोपीच्या वकिलासारखं वापरतो.

आता पाळकसाहेबांचा सल्ला. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मुलांचा विश्वास कोवळा असतो, त्याला धक्का लागू नये ही काळजी खरीच आहे. पण ‘हा भाग नको’ या वाक्याला इतिहास आहे, आणि तो त्यांना माहीत असावा असं वाटत नाही.

1807 मध्ये लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, ब्रिटिश वेस्ट इंडीज बेटांवरच्या गुलामांसाठी ‘निवडलेल्या भागांचं’. आपल्या बायबलमध्ये 1,189 अध्याय आहेत. त्यात होते 232. जुन्या कराराचा जवळजवळ नऊ दशांश भाग गायब, नव्याचा निम्मा. काय ठेवलं आणि काय गाळलं? योसेफाची गोष्ट ठेवली, कारण योसेफ विकला गेला तरी इमानाने चाकरी करतो. इस्राएल लोकांची मिसरातून सुटका गाळली. दास आणि स्वतंत्र असा भेद ख्रिस्तात उरत नाही हे गलतीकरांस पत्रातलं वचन गाळलं. तुमच्या वर्गातल्या मुलाने फोनवर वाचलं ते, इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय, पाचवं वचन? ते ठेवलं. याच 1807 साली ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, गुलामी मात्र चालूच राहिली.

तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न होता की त्यांना मोशे दिसला नाही का. तिला हे पुस्तक सांगा. चांगला दिसला होता, म्हणून तर कापला. मोशेच्या गोष्टीची भीती कुणाला वाटत होती हे त्यावरून कळतं.

पण गाळण्याची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय ही अर्धी राहील. हॉवर्ड थर्मन हे विसाव्या शतकातले कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मचिंतक. त्यांची आजी गुलामीत जन्मलेली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून लहानपणी थर्मन तिला बायबल वाचून दाखवायचे. पौलाची पत्रं, इफिसकरांस पत्र त्यांतलंच, ती वाचू देत नसे. अपवाद एक, करिंथकरांस पहिल्या पत्राचा प्रीतीवरचा तेरावा अध्याय, तोही क्वचित. मोठेपणी नातवाने धीर करून कारण विचारलं. ती म्हणाली की मालकाचा गोरा पाद्री वर्षातून तीन-चार वेळा तरी ‘दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा’ यावरच उपदेश करायचा. तिने देवाला शब्द दिला होता की कधी सुटले आणि वाचता आलं, तरी तो भाग मी वाचणार नाही.

दोन्हीकडे पानं वगळली गेली. मालकाने दुसऱ्याच्या हातातून काढून घेतली, म्हातारीने स्वतःच्या कानांपासून दूर ठेवली. मला ही आजी त्या 1807 च्या संपादकांपेक्षा बायबलची कितीतरी चांगली वाचक वाटते. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या पाठीवर मात्र चाबूक नाही. त्यांच्यासाठी आपण पानं गाळायला लागलो तर आपण आजीच्या बाजूला बसत नाही, दुसऱ्या बाजूला बसतो.

आता तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधते, रागावू नका. संपूर्ण पत्रात ‘ख्रिस्ती’ म्हणजे फक्त विकणारे. जहाजाचे मालक, मळ्याचे मालक, त्यांचे पाद्री. ‘ज्या श्रद्धेने त्यांना थांबवलं नाही’ असं तुम्ही लिहिता तेव्हाही श्रद्धा मालकांचीच. विकले गेलेले लोक तुमच्या पत्रात आहेत, पण त्यांचं बायबल, त्यांची प्रार्थना, त्यांची मतं नाहीत. इतिहासात त्यांना गप्प केलं गेलं होतं. आपल्या अस्वस्थतेतही ते गप्पच राहावेत का?

जॉर्जियातल्या लिबर्टी कौंटीत चार्ल्स कोलकॉक जोन्स नावाचे पाद्री होते. गुलामांना धर्मशिक्षण द्यायचं व्रत घेतलेले, आणि स्वतः गुलामांचे मालक. 1833 च्या सुमारास त्यांनी फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रावर उपदेश केला. फिलेमोनाचा दास अनेसिम पळाला होता, पौलाने त्याला धन्याकडे परत पाठवलं, तेव्हा पळून जाणं वाईट, असा रोख. काय झालं ते जोन्स यांनीच लिहून ठेवलंय. निम्मे लोक सरळ उठले आणि चालू लागले. उरले त्यांच्यातही खुशीने कोणी थांबलेलं दिसत नव्हतं. उपदेशानंतर काहींनी ठणकावून सांगितलं की असं पत्र बायबलमध्ये नाहीच. काही म्हणाले, हे शुभवर्तमान नव्हे.

बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, होऊ दिलेली नव्हती. वाक्यापुरतं बोलायचं तर ते चुकत होते, पत्र बायबलमध्ये आहे. पण शुभवर्तमान कशाला म्हणायचं यावर त्या दिवशी उपदेशकापेक्षा श्रोत्यांना जास्त कळत होतं. मुलांना ही गोष्ट नक्की सांगा. त्यांना फार आवडेल, उपदेश चालू असताना उठून जाणारी माणसं मुलांना नेहमीच आवडतात.

असे आणखी आहेत. फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स. अठराव्या शतकाच्या अखेरीस, चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना चालू असताना जोन्स यांना ‘ही जागा तुमची नाही’ म्हणून ओढून उठवलं. सगळे कृष्णवर्णीय सभासद बाहेर पडले, आणि पुढे ॲलन यांच्या पुढाकाराने 1816 मध्ये त्यांचा स्वतंत्र मेथोडिस्ट पंथ उभा राहिला. जमैकातला सॅम्युएल शार्प बॅप्टिस्ट मंडळीचा डीकन होता. गोऱ्यांना काळ्यांना गुलाम ठेवायचा जितका हक्क, तितकाच काळ्यांना गोऱ्यांना ठेवायचा, म्हणजे मुळीच नाही, हे तो बायबल वाचून शिकला. 1831 च्या नाताळानंतर मजुरी मिळाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही असा त्याचा बेत होता. त्याचा उठाव झाला, तो चिरडला गेला, आणि 1832 च्या मे महिन्यात शार्पला फाशी दिली. गुलामी रद्द करणारा ब्रिटिश कायदा त्याच्या पुढच्या वर्षीचा, 1833 चा.

इथे मात्र जपून. या माणसांची श्रद्धा आपल्या धर्माची बाजू सावरायला वापरायची नाही. ‘बघा, गुलामीतूनही देवाने किती छान विश्वासणारे घडवले’ असं वाक्य वर्गात चुकूनही नको. सव्वा कोटींच्या आसपास माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबली गेली, त्यांतली सुमारे 18 लाख वाटेतच मेली. त्यांच्यात मुसलमान होते, स्वतःची दैवतं असलेले होते, आणि त्यांचा धर्म, भाषा, नाव सगळं पुसलं गेलं. ते ख्रिस्ती झाले नाहीत म्हणून त्यांचं दुःख आपल्या हिशेबात कमी भरत नाही.

मग बायबलचं काय? तुम्ही हे स्पष्टपणे विचारलं नाही, पण मुलं विचारणार. माझं मत सांगते. मजकुराचा जितका बचाव होऊ शकतो तितकाच करा, जास्त नको. निर्गमाचा एकविसावा अध्याय घ्या. सोळावं वचन म्हणतं, जो माणूस चोरून विकेल त्याला मरणदंड. सगळा अटलांटिक व्यापार या एका वचनाने दोषी ठरतो. पण चारच वचनं पुढे जा. धन्याने दासाला मारलं आणि तो एकदोन दिवस जगला तर धन्याला शिक्षा नाही, कारण तो त्याचं धन आहे. एकाच पानावर दोन्ही. अनुवादाचा तेविसावा अध्याय म्हणतो, पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नका. लेवीयाचा पंचविसावा म्हणतो, परक्या लोकांतून दास विकत घेता येतील आणि मुलांना वारशाने देता येतील. पौल धन्यांना धमक्या सोडायला सांगतो, फिलेमोनाला अनेसिमचा बंधू म्हणून स्वीकार करायला सांगतो, तीमथ्याच्या पहिल्या पत्रात माणसं चोरणाऱ्यांची गणना अधर्म्यांत होते. पण गुलामी मोडून टाका असं तो कुठेही म्हणत नाही. मुलांना हे जसंच्या तसं सांगा. सुटं एक वचन घेऊन वाद घालायचा, तर गुलामीचे समर्थक बरेचदा जिंकत असत. त्यांच्या हाताशी वचनं होती. दुसऱ्या बाजूला सगळा ग्रंथ कुठल्या दिशेने चाललाय हे दाखवावं लागे, आणि ते केव्हाही अवघड काम.

‘त्या काळची गुलामी वेगळी होती’ हे उत्तर तुम्हाला पुष्कळ ठिकाणी सापडेल. अर्धं खरं आहे. रोमन गुलामी वर्णावर बेतलेली नव्हती, आणि सुटका मिळवणारे बरेच असत. पण खाणींत मरेपर्यंत राबवली जाणारी आणि धन्याच्या वासनेपुढे ‘नाही’ म्हणायचा हक्क नसलेली माणसं त्याच व्यवस्थेतली. तेव्हा या उत्तरामागे लपू नका. तसंच ‘काळच तसा होता’ याही मागे. चौथ्या शतकात नीसाचा बिशप ग्रेगरी उपदेशक या पुस्तकावर बोलताना गुलामांच्या मालकांना विचारत होता की देवाच्या प्रतिमेची किंमत तुम्ही किती लावलीत. 1688 मध्ये पेनसिल्वेनियातल्या जर्मनटाउनच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या चौघांनी गुलामीचा लेखी निषेध केला. दिसणाऱ्यांना त्याही काळात दिसत होतं.

काळे लोक नोहाचा मुलगा हाम याचे वंशज, म्हणून शापाने गुलाम, असं गुलामीचे समर्थक सांगत. हामाच्या शापाचा हा मुद्दा निघाला तर फार वेळ घालवू नका. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात शाप हामाला नाही, कनानाला आहे, आणि रंगाचा तिथे उल्लेखही नाही. मुलांना स्वतः वाचायला लावा, संपलं.

तुमच्या मनातली खरी कळ मात्र वेगळी आहे. विश्वास डळमळलेला असताना शिकवणं ढोंग आहे का? तुम्ही गृहीत धरलंय की वर्गासमोर उभं राहायला आधी सगळी उत्तरं हातात लागतात. 1935 मध्ये हेच थर्मन व्याख्यानांसाठी सिलोनमध्ये गेले होते. कोलंबोच्या लॉ कॉलेजात एका गृहस्थांनी त्यांना गाठून विचारलं, तुमच्या पूर्वजांना ख्रिस्ती लोकांनी जहाजांत भरून नेलं, ख्रिस्ती देशात गुलाम ठेवलं, आजही तिथे तुमच्या लोकांना जाळून मारतात, आणि तुम्ही ख्रिस्ती म्हणून इथे उभे? म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीचाच प्रश्न, फक्त थेट जखमेवर बोट ठेवून विचारलेला. थर्मन बोलले, पण तो प्रश्न त्यांना सुटला नाही. त्यावर त्यांचं छोटंसं पुस्तक आलं 1949 मध्ये. त्यात त्यांनी येशूकडे रोमन सत्तेखाली चिरडलेल्या एका गरीब यहुद्याच्या रूपात पाहिलं आणि विचारलं, पाठ भिंतीला टेकलेल्या माणसाला हा काय देतो? एवढ्या मोठ्या माणसाला चौदा वर्षं लागली. तुम्ही एक रविवार मागून घेतलात म्हणून स्वतःला किती बोल लावणार?

ढोंग तेव्हा होतं जेव्हा आपण न पटलेलं उत्तर पटल्यासारखं देतो. ‘हा प्रश्न मलाही छळतो’ असं म्हणणारी शिक्षिका ढोंगी नाही. फक्त प्रमाण सांभाळा. तुमच्या प्रार्थनेतली सगळी खळबळ मुलांपुढे ओतायची नाही, त्यासाठी एखादी मैत्रीण किंवा वडीलधारी व्यक्ती शोधा. स्तोत्रांमध्ये तक्रारीची स्तोत्रं भरपूर आहेत, रात्री ती वाचा. प्रार्थना गोड लागत नसेल तर काही दिवस तिखट करा.

आता कामाचं बोलू. ज्यांच्या घरात किंवा मंडळीत असाच प्रश्न आलाय, त्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

त्या मुलीला रविवारपर्यंत ताटकळत ठेवू नका. आधीच भेटून किंवा फोन करून सांगा की तिचा प्रश्न बरोबर होता आणि आपण त्यावर नीट वेळ देणार आहोत. वर्गातल्या त्या शांततेचा अर्थ तिने ‘मी काहीतरी वाईट बोलले’ असा लावला असण्याची दाट शक्यता आहे.

एका रविवारात हे संपणार नाही, तीन तरी ठेवा. पहिल्यात काय घडलं ते, तारखांसकट, न लपवता. साखळदंडांची आणि फाटलेल्या पाठींची चित्रं दाखवायची गरज नाही. कुणाला गुलाम आणि कुणाला मालक करून नाटुकलं तर अजिबात बसवू नका, काही उत्साही शिक्षक हे करतात आणि एखादं मूल ते आयुष्यभर विसरत नाही. दुसऱ्यात एकच बायबल दोन ठिकाणी बसून कसं वाचलं गेलं ते, कोलकॉक जोन्स यांचा उपदेश आणि उठून गेलेले श्रोते. फिलेमोनाचं पत्र एकाच अध्यायाचं आहे, वर्गातच पूर्ण वाचून होतं. मुलांना विचारा, तुम्ही त्या दिवशी उठला असता का? वाचणारा कुठे बसलाय यावर त्याला काय ऐकू येतं हे ठरतं, एवढं त्यांच्या लक्षात आलं तरी तो रविवार सार्थकी लागला.

गुलामांच्या व्यापारावर बंदी यावी म्हणून ब्रिटिश संसदेत लढलेल्या विल्बरफोर्सवर वर्ग संपवू नका. मोठा माणूस, वादच नाही. पण सगळे ख्रिस्ती लोक या विषयातून त्याच दाराने बाहेर पडतात. गुलामी रद्द करताना ब्रिटनने 2 कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. त्या बार्बाडोसच्या मळ्यांची भरपाई मिशनरी संस्थेलाही मिळाली. राबणाऱ्यांना एक पैसा नाही, उलट 1838 पर्यंत ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकांकडे बिनपगारी राबणं आलं. इंग्लंडच्या चर्चने यातल्या आपल्या वाट्याची माफी मागितली ती 2006 मध्ये. अमेरिकेतले दक्षिणेकडचे बॅप्टिस्ट 1845 मध्ये गुलामीच्या प्रश्नावरूनच वेगळे झाले होते, त्यांची माफी आली 1995 मध्ये.

तिसरा रविवार सगळ्यांत अवघड, कारण तो आजचा. त्यासाठी दक्षिण आफ्रिकेचा एक प्रसंग घ्या. 1857 मध्ये तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चची महासभा भरली. काही गोऱ्या सभासदांना इतर वर्णांच्या लोकांबरोबर प्रभुभोजन घेणं जड जात होतं. सभेने ठराव केला की शास्त्राप्रमाणे सगळ्यांनी एकत्र बसणंच योग्य, पण ‘काही जणांच्या दुर्बलतेमुळे’ हे साधत नसेल तिथे वेगळी उपासना चालेल. बघा, कोणी द्वेष ओकला नाही. उलट दुर्बलांना समजून घेतलं! त्या सवलतीतून वेगळ्या मंडळ्या झाल्या, आणि 1948 नंतर सरकारने वर्णभेद कायद्यात आणला तेव्हा चर्च त्याला धर्माचा आधार देऊन पाठीशी उभं राहिलं. या सगळ्याविरुद्ध केपटाउनजवळच्या बेलहार इथला विश्वासाचा जाहीरनामा 1982 मध्ये लिहिला गेला आणि 1986 मध्ये स्वीकारला गेला, तो वेगळ्या काढलेल्या मंडळीनेच. मग मुलांना विचारा की आज आपण कुणाच्या ‘दुर्बलतेची’ सोय बघतोय? आपल्यात कोण कुणाच्या शेजारी बसत नाही? उत्तर तुम्ही देऊ नका. त्यांना माहीत असतं.

हे सगळं लांबच्या देशातलं वाटलं, तर जोतीराव फुल्यांची आठवण करून द्या. 1873 च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांच्या नावे आहे, आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी तो कित्ता गिरवावा या इच्छेसह. अटलांटिकपलीकडची बातमी वाचून त्यांना आपलं अंगण दिसलं. आणि गुलामी संपली असं म्हणणाऱ्या मुलाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2021 चा अंदाज सांगा. जगात सुमारे 5 कोटी माणसं आधुनिक गुलामीत आहेत, वेठबिगारी आणि जबरदस्तीची लग्नं दोन्ही धरून.

पाळकसाहेबांकडे परत जा, पण यावेळी प्रश्न घेऊन नको, तीन रविवारांचा आराखडा कागदावर घेऊन. ‘हे शिकवू का’ असं विचारलं की ‘नको’ म्हणणं सोपं असतं. ‘हे असं शिकवणार आहे, दुसऱ्या रविवारी तुम्ही वर्गात येऊन बसाल का’ असं म्हटलं की त्यांना काहीतरी वाचावं लागतं. पालकांनाही आधी कळवा, मुलं घरी जाऊन अर्धवट सांगणार हे धरून चाला. 1963 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून धीर धरायला सांगणाऱ्या आठ धर्मगुरूंना पत्र लिहिलं होतं, ते तुम्ही स्वतः जरूर वाचा. पाळकसाहेबांना मात्र लगेच पाठवू नका. त्यांचं चुकतंय, पण ते अजून ऐकून घेतील असं तुमच्या पत्रावरून वाटतं, आणि ते पत्र मिळाल्यावर कोणीही आधी स्वतःचा बचाव करायला लागतो. त्यांनी तरीही साफ नकार दिला, तर हे तीन रविवार एखाद्या पालकाच्या घरी, पालकांच्या संमतीने, उघडपणे घ्या. चोरून घेऊ नका.

मंडळी सोडण्याचा विचार वाईट नाही. रिचर्ड ॲलन यांनी सोडली, आणि ती सोडणं हीच त्यांची उपासना होती. पण त्यांच्या सोबत्याला गुडघ्यांवरून ओढून उठवल्यावर त्यांनी ती सोडली, लोकांना बरोबर घेऊन सोडली. तुम्ही अजून मंडळीला एकदाही पूर्ण प्रश्न विचारलेला नाही. आधी विचारा. हे तीन वर्ग होऊ द्यात, त्यावर लोक काय म्हणतात ते पाहा, आणि मग ठरवा. तोवर हे दोन निर्णय, वर्गाचा आणि मंडळीचा, एकमेकांत गुंतवू नका.

आणि वर्ग सोडायचाच झाला, तर मुलांना खरं कारण सांगून सोडा. ‘टीचरना वेळ मिळत नाही’ असा निरोप कुणाकरवी पाठवू नका.